भानुदासमामांचा नैवेद्य

भानुदासमामांनी दाढ काढून आणली त्या दिवशी मी विचारपूस करायला गेलो, तर ती दाढ बशीत ठेवून, तिला हळदकुंकू वाहून मामा हात जोडून बसलेले. मी दारातच थिजलो.

"पन्नास वर्सं चावलंय बिचारीनं," सुजलेल्या गालातून ते म्हणाले. "लई उपकार हायत."

नांदेडहून बदलीवर उदगीरला आलो तेव्हा लाभलेले हे आमचे शेजारी. एसटीतले निवृत्त चालक, एकटेच राहत. उपकार मानायला त्यांना काहीही चाले. आमचा रिकामा सिलिंडर न्यायला माणूस आला, तर मामांनी वाकून सिलिंडरलाच नमस्कार केला. माझी बायको सुनीता घाबरून आत आली. "अहो, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

खरं सांगायचं तर खात्री मलाही नव्हती.

वेळ अमावस्येला त्यांनी आम्हाला शेतात जेवायला नेलं. त्या दिवशी उदगीरचं घर न् घर कुलूप लावून शेतात जातं. ज्वारी कमरेला लागलेली, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारलेली, आत लक्ष्मी मांडलेली. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळं मामांनी पहाटे उठून एकट्यानं रांधलेलं. वासानं आमचा जीव कासावीस, आणि मामांचं वाढणं संपेना. एक घास मातीला, एक बांधावरच्या बोरीला, एक चक्क विळ्याला. शेवटी भरलेलं ताट घेऊन ते विहिरीकडे निघाले. आम्ही मागोमाग.

काठावर ताट ठेवून त्यांनी टोपी काढली आणि सरळ दंडवत घातला.

"पाणी कधी आटत नसेल हिचं," मी म्हणालो.

"कुठलं! लई वेळा दगा दिलाय. दुष्काळाच्या साली तर ठणठणीत कोरडी."

"मग हिला एवढा मान?"

मामा उठून बसले. अंगावरची माती झटकली.

"आमची मंडळी त्याच साली गेली. तेरावं झालं आन् दुसऱ्या दिवशी मी हितं आलतो. जीव द्यायला."

सुनीतानं माझा दंड गच्च धरला.

"टाकली की उडी! ध्यानातच न्हवतं, पानी हाय का न्हाई. खाली नुसता गाळ. पाय मोडला, पन मी जित्ता. गावानं बाजेवर बांधून वर काढलं." ते मोठ्यानं हसले. आम्हाला हसायचं की काय करायचं, कळेना. "पान्यासाठी सारा गाव रडत होता. हिला शिव्या देत होता. मी आपला गप."

मामांनी टोपी घातली.

"चला, भज्जी निवतीय. मीठ कमी-जास्त झालं आसंल, सांभाळून घ्या. दरसाल सगळ्यांना बलावतो मी. पन ज्याचं त्याचं शेत आसतं. तुमीच पहिले आलाव."

कोपीत परतल्यावर मामा पळी घेऊन आमच्या पत्रावळींकडे वळले. सुनीतानं त्यांच्या हातातून ती हळूच काढून घेतली, "मामा, बसा तुम्ही," म्हणाली आणि त्यांना वाढायला लागली.

मामा बसले. पण बराच वेळ त्यांनी घास उचलला नाही; वाढलेल्या पत्रावळीपुढे हात जोडून बसून राहिले.