सासूबाईंचा कोंबडा

गुरुवारी सकाळी आर्मानच्या हातून सासूबाईंचा कोंबडा फुटला.

कोंबडा चिनीमातीचा होता आणि सुपाच्या भल्यामोठ्या भांड्याच्या झाकणावर बसलेला असायचा. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं भांडं जेवणघरातल्या कपाटावर ठाण मांडून होतं. आर्मानची बायको युगेत दर शनिवारी त्यावरून मायेने फडका फिरवायची. ती बहिणीकडे गेलेली बघून आर्मानला कामसू व्हायची हुक्की आली आणि झाकणाचे तुकडे झाले. ते त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकले.

युगेत रविवारी दुपारी परतणार होती. नशिबाने त्याच दिवशी गावात पोटमाळ्यावरचं जुनं सामान विकायचा वार्षिक बाजार होता. आर्मानने शेजारच्या ओनोरीनबाईंना विश्वासात घेतलं. जुन्या बाजारात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"हवी ती वस्तू बघायचीच नाही," बाईंनी शिकवलं. "तिच्या शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. तोंड असं करायचं, की फुकट दिली तरी नेणार नाही."

आर्मानने हे इतकं मनावर घेतलं, की कुठे कोंबड्यासारखं काही दिसलं की तो शेजारच्या वस्तूला नाकं मुरडू लागला. विक्रेते पटापट भाव पाडू लागले. इतका भाव पाडायला लावून माघार घेतली, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. दुपारपर्यंत त्याच्या काखेत भुसा भरलेला एक कोल्हा होता, हातात पक्ष्याचा पिंजरा होता आणि झाकणाचा पत्ता नव्हता.

बाराचे ठोके पडले आणि सगळा बाजार जेवायला बसला. माल बाजूला सरकला, टेबलांवर कापडं अंथरली गेली, बाटल्या उघडल्या. या वेळेला सोन्याची वीट मागितली तरी कोणी विकणार नाही. आणि तेव्हाच आर्मानला कोंबडा दिसला! तोच तुरा, तेच निळं शेपूट. एका जोडप्याच्या मसुराच्या पातेल्यावर, माश्या बसू नयेत म्हणून ते झाकण ठेवलं होतं.

आर्मानने झाकणावरची नजर ओढून काढली आणि शेजारच्या बरणीवर रोखली.

"ही मोहरीची चटणी केवढ्याला?" त्याने नाक मुरडून विचारलं.

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. "चटणी?" नवरा, बाझील, म्हणाला.

"अर्धीच आहे म्हणा. आणि जुनी दिसतेय."

"अहो, भूक लागलीय तर सरळ सांगा ना!" त्याची बायको योलांद कळवळली. "बाझील, खुर्ची दे त्यांना. आणि त्या कोल्ह्याला खाली ठेव, जेवणावर डोळा ठेवून बसलाय मेला."

मसूर, सॉसेज आणि वाइनचा दुसरा ग्लास पोटात गेल्यावर आर्मानला खोटं बोलणं जमेना. "मला तुमचं झाकण हवंय," तो रडवेला होऊन म्हणाला. "नाहीतर माझं काही खरं नाही."

बाझीलने सुरी खाली ठेवली. "झाकण विकायचं नाही. माझ्या आईचं आहे. खालचं भांडं हिने फोडलं, तेव्हापासून आम्ही जोडीचं शोधत दर बाजार पालथा घालतोय."

"हिने म्हणजे?" योलांद उसळली. "धक्का कोणी दिला?"

"खालचं भांडं माझ्याकडे आहे," आर्मान हळूच म्हणाला.

दोघं भांडायचं विसरून पुढे सरकली. "केवढ्याला द्याल?"

"विकायचं नाही. सासूबाईंचं आहे."

तिघंही खिन्न होऊन कोंबड्याकडे बघत बसली. इतक्यात प्रवासाच्या कोटातच धापा टाकत युगेत आली. आर्मानच्या तोंडचं पाणी पळालं.

"घेतलंस झाकण?" तिने विचारलं.

"अजून नाही गं. पण मी..."

"सुटले बाई!" ती मटकन खुर्चीवर बसली. "कचऱ्यात कोंबड्याचं मुंडकं बघितलं आणि वाटलं, गेली एकदाची ब्याद. तर ओनोरीन म्हणते, तू दुसरं आणायला गेलायस! धावत आले रे, या वयात!"

"पण तू दर शनिवारी पुसतेस की!"

"तुझ्यासाठी! साखरपुड्याच्या जेवणाला आईला म्हणाला होतास, असं सुंदर भांडं जन्मात पाहिलं नाही."

आर्मानने मान खाली घातली. "सुपाबद्दल चांगलं काही सुचेना. म्हणून भांड्याचं बोललो."

"आईचं सूप वाईट होतं?"

बाझीलने बाटली सावधपणे स्वतःकडे ओढली.

"भयंकर होतं," युगेतच म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. आर्मानला तर तिचा मुकाच घ्यावासा वाटला आणि त्याने भर बाजारात तो घेतला. मग जोडप्याच्या फुटलेल्या भांड्याची गोष्ट ऐकून युगेत डोळे पुसत योलांदकडे वळली. "आमचं भांडं आजच घेऊन जा. पैसे नकोत."

योलांदचा चेहरा एकदम पडला. "फुकट?" तिने संशयाने विचारलं. "का? तडा गेलाय का कुठे?"

युगेतने आईची शपथ घेतली, पण योलांद काही बधेना. शेवटी युगेतने नाइलाजाने एक भाव सांगितला, योलांदने तोंड वाकडं करून तो निम्म्यावर आणला आणि मगच सगळ्यांना निवांत चीज खाता आलं.