गांगुर्ड्यांचं 'नाहीतर'

आमच्या गांगुर्ड्यांसमोर 'नाहीतर' हा शब्द अर्धवट सोडायची सोय नव्हती. शरणपूर रोडच्या मागच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच होती, आणि तीही नावालाच. मी माझ्या धाकट्यावर ओरडले, "पेरूवरून खाली उतर, नाहीतर बघ हं," की पलीकडून शांत आवाजात प्रश्न यायचा, "नाहीतर काय, ताई?"

"नाहीतर काय म्हणजे? नाहीतर बघ."

"पण काय बघायचं ते पोराला कळायला नको? उतरला तर काय, नाही उतरला तर काय, दोन्ही वाटा सांगा. एक वाट सांगायची आणि दुसरीवर नुसता अंधार ठेवायचा, ही कुठली मुलं वाढवायची पद्धत?"

तोवर धाकटा आपणहून खाली उतरून ही चर्चा ऐकत उभा असे आणि माझी भाजी करपलेली असे.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मधुकर गांगुर्डे सातपूरच्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर होते. कॉम्प्युटर नावाचं कपाटाएवढं यंत्र तिथे एका गार खोलीत ठेवलेलं होतं, आणि त्याने काय करायचं ते गांगुर्डे त्याला लिहून देत. आमच्या कॉलनीत प्रोग्रॅम म्हणजे ऑर्केस्ट्रा. त्यामुळे ते राहायला आले त्या वर्षी जयंती समितीची मंडळी पेढे घेऊन त्यांच्या दारात गेली. "साहेब, खुद्द प्रोग्रॅमर आपल्यात राहायला आले म्हटल्यावर यंदाचा प्रोग्रॅम तुम्हीच बसवा."

दुसऱ्या कोणी त्यांना हसून वाटेला लावलं असतं. गांगुर्ड्यांनी प्रोग्रॅम बसवला. लाइट गेली तर काय, माइक बिघडला तर काय, पाहुणे आलेच नाहीत तर काय, सगळं आधी ठरवलं. आणि पाहुणे खरंच आले नाहीत. एरवी मंडळी वाट बघून बघून एकमेकांवर घसरली असती. गांगुर्ड्यांनी घड्याळ बघितलं, लोकांची धुणीभांडी करून पोरं शिकवलेल्या सखुबाईंना मानाच्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याच हातून प्रतिमेला हार घातला. त्या दिवसापासून कॉलनीने त्यांचा नाद सोसायचं कबूल केलं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. दिवसभर लोकांची तुटकी बोलणी जोडून देणारी बाई. गांगुर्डे मला तोंडावर सांगायचे, "ताई, उद्या माणूस स्वतः नंबर फिरवून थेट दिल्लीशी बोलेल. मधे कुणी लागणार नाही."

"आणि पलीकडे बाई रडत असली तर? तुमचं यंत्र म्हणेल का, बाई जरा थांबा, घोटभर पाणी प्या?"

"तसं लिहून दिलं तर म्हणेल."

"लिहून कोण देणार?"

यावर ते गप्प होत, आणि गप्प झालेले गांगुर्डे बघायला मिळाले की मला त्या दिवशी जेवण गोड लागे.

गणिताबद्दल तर त्यांचं थेट मराठी भाषेशीच भांडण होतं. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, पार एकोणनव्वदपर्यंत सगळं शिस्तीत. "मग नव्व्याण्णव कुठून आला?" ते विचारत. "एकोणशंभर पाहिजे. एवढा वेळ नियम पाळला आणि दार दिसल्यावर सोडला." त्यांच्या सुजाताने शाळेत एकोणशंभर लिहिलं आणि बाईंनी फुली मारली. गांगुर्डे शाळेत गेले. बाईंनी शेवटी हात जोडले, तेव्हा हे म्हणाले, "बाई, उत्तर चूकच आहे. पण ती का चुकली ते तिला सांगा. नुसती फुली म्हणजे अर्धवट 'नाहीतर'."

आणि आडनाव. त्या काळात भाड्याने घर बघायला गेलं की मालक आधी हसून विचारायचा, "आडनाव काय आपलं?" गांगुर्डे म्हणायचे, "प्रश्न अपुरा आहे. आडनाव कळल्यावर तुम्ही काय करणार ते आधी सांगा." आमच्या कॉलनीत येईपर्यंत त्यांना धड घर मिळालं नव्हतं, असं त्यांची बायको कुसुमताई हसत सांगायच्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कुसुमताई हरसूलच्या शाळेत शिक्षिका होत्या. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीने यायच्या. त्यामुळे नऊ वर्षांच्या सुजाताला सोमवार ते शनिवार गांगुर्डेच वाढवत. वेण्या घालताना सुद्धा दोन्ही वाटा सांगत. "हलली नाहीस तर वेणी सरळ येईल, हललीस तर वाकडी येईल आणि तशीच शाळेत जावं लागेल." पोरगी बाहुलीसारखी बसायची. मला ते बघवत नसे. मी एकदा म्हटलंही, "अहो, ती लेकरू आहे, तुमचं यंत्र नाही." ते म्हणाले, "म्हणूनच तर, ताई. यंत्राला भीती वाटत नाही."

शनिवारी सुजाताची शाळा लवकर सुटायची. शाळेतून ती सीबीएसवर, म्हणजे एसटी स्टँडवर जायची आणि चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसायची. गांगुर्डे कारखान्यातून स्कूटरवर यायचे आणि दोघं मिळून आईला गाडीतून उतरवून घ्यायचे. असं कितीतरी शनिवार सुरळीत चाललं होतं.

त्या शनिवारी दुपारी गावात कुठल्याशा फलकावरून बाचाबाची झाली आणि त्याची दगडफेक झाली. एक्स्चेंजमध्ये आम्हाला आधी कळतं, कारण एकदम सगळ्यांनाच फोन हवा असतो. माझी पाळी संपत आली होती. बोर्डावर दिवा लागला, मी वायरची खुंटी खाचेत लावली, आणि आवाज आला तो गांगुर्ड्यांचा.

"ताई, त्र्यंबक रोड बंद केलाय. वॉचमन कुणाला गेटबाहेर सोडत नाही. सुजाता सीबीएसवर आहे."

"मी जाते. पाळी संपलीच."

"ती येणार नाही तुमच्याबरोबर." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "मी तिला एवढंच सांगितलंय, की मी येईपर्यंत बाकावरून हलायचं नाही. आलो नाही तर काय, ते सांगितलंच नाही. घाईत होतो. ताई, मी सांगितलंच नाही." आणि लाइन गेली.

मी जवळजवळ धावतच निघाले. मेनरोडकडून शटरं पडत येत होती, एकामागून एक. रिक्षा कुणी थांबवेना. सीबीएसवर पोचले तर एरवी पाय ठेवायला जागा नसते त्या स्टँडवर केळीची सालं आणि दोन रिकाम्या गाड्या. चौकशीची खिडकी बंद. बाकावर सुजाता, दप्तर मांडीवर, पाय जुळवलेले.

"चल बाळा, घरी जायचंय."

"पप्पा आले की."

"पप्पांचाच फोन आला होता मला. त्यांनीच सांगितलंय."

तिने जरा विचार केला. "पण मला नाही सांगितलं. मावशी, पप्पा 'नाहीतर' कधी विसरत नाहीत. त्यांनी सांगितलं नाही म्हणजे ते येणारच."

मी ओढून बघितलं, रागावून बघितलं. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली. ती पाय आवळून बसलीय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. म्हटलं, "अगं, निदान लघवीला तरी चल, तिथेच तर आहे." तर मान हलवली, "हलायचं नाही." मला त्या क्षणी गांगुर्ड्यांचा असा संताप आला, की समोर असते तर दोन्ही वाटा मीच त्यांना दाखवल्या असत्या. पण दुसरं काय करणार, मी तिच्या शेजारी बसले. बाहेर कुठेतरी काच फुटली. तिने माझा पदर धरला, पण बाक सोडला नाही.

एक हवालदार काठी आपटत आला. "ओ बाई, हितं काय बसल्या? गाड्या समद्या बंद हायेत. हरसूलची त्र्यंबकहूनच माघारी गेली. निघा बिगीबिगी, नायतर..."

"नाहीतर काय?" सुजाताने विचारलं.

हवालदाराने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पोरगी उद्धटपणे विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नायतर..." तो म्हणाला, आणि थांबला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "नायतर काय व्हईल ते मला तरी कुठं ठाव हाय, पोरी." मग तो गेला नाही. आमच्यापासून चार हातांवर, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

उन्हं उतरली. सुजाता आता माझ्याशी बोलत नव्हती, ओठ हलवत काहीतरी मोजत होती. मी न राहवून विचारलं, "किती झाले?" ती म्हणाली, "मोजत नाहीये. 'येणार' म्हणतेय."

गांगुर्डे आले ते मागच्या भिंतीकडून. स्कूटर नव्हती. इस्त्रीच्या शर्टाची बाही खांद्यात उसवलेली, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. गेटवरून सोडत नव्हते म्हणून कारखान्याच्या मागून निघून नाल्याकाठाने चालत आले होते. त्यांनी बाकाकडे बघितलं आणि तिथेच उभे राहिले.

"मी हलले नाही, पप्पा," सुजाता म्हणाली.

त्यांनी खाली बसून तिचे हात बाकावरून सोडवले. बोटं आखडली होती. "चुकलं माझं," ते म्हणाले. "पुन्हा असं झालं तर मावशीबरोबर जायचं. मी काहीही सांगितलेलं असू दे, मोडायचं."

"मोडायचं?"

"हो. माझं सांगणं मोडायचं."

तेव्हा ती रडली. इतका वेळ न रडलेली पोरगी अशी रडली, की हवालदारानेही मान वळवली. मी तिला मुतारीकडे नेऊन आणलं. तोवर गांगुर्डे त्याच बाकावर बसले होते. हळू आवाजात मला म्हणाले, "नाक्यावर काही पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला आडनाव विचारत होती."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"पळालो, ताई," ते म्हणाले. "नाल्यात उतरून पळालो."

मी म्हटलं, "पळालात ते बरं केलंत," आणि ते अगदी मनापासून म्हटलं.

हवालदाराने आम्हाला एक्स्चेंजच्या कोपऱ्यापर्यंत सोबत केली. सुजाता त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तिथलं दार दिसल्यावर गांगुर्डे थबकले. आजवर त्या माणसाने माझ्याकडे एक साधा कॉल पुढे घ्या म्हणून शब्द टाकला नव्हता. "ताई, हरसूल लागेल का?"

हरसूलला फोन पोस्टात, आणि पोस्टमास्तर मागच्याच खोलीत राहायचे. ते माणूस पाठवून कुसुमताईंना बोलावून आणतील एवढी ओळख मी इतक्या वर्षांत कमावली होती. गांगुर्ड्यांना बाहेरच्या बूथमध्ये बसवलं, ड्यूटीवरच्या मुलीला उठवलं आणि स्वतः बोर्डावर बसले. लाइन खरखरत होती, पण लागली. आवाज नीट जातोय का हे ऐकायला मी हेडफोन कानाला लावला.

"हॅलो," कुसुमताई धापा टाकत म्हणाल्या. "अहो, सुजाता?"

"आहे. झोपलीय."

"आणि तुम्ही?"

खरखर एकदम वाढली. मला वाटलं लाइन गेली, मी खुंटी चाचपली. लाइन होती.

"कुसुम, मला जमत नाही गं," गांगुर्डे म्हणाले. "सगळ्या कॉलनीला शिकवत फिरतो. पण मला एकट्याला नाही जमत."

श्वास तेवढा येत होता, दोन्हीकडून. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मधे बोलून तसं सांगायचं, हा आमचा नियम. समोरच्या घड्याळात तीन मिनिटं झाली. मी हेडफोन काढून बोर्डावर ठेवला आणि लाइन तशीच राहू दिली.