अडीच किलोची बाळं

शेख मॅडमच्या पर्समध्ये दोन किलोचं लोखंडी वजन असायचं. वाण्याच्या तराजूत असतं तसलं, काळं, सहा कोपऱ्यांचं. परंड्यात त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा भावांनी जागा वाटून घेतली आणि मॅडमनी तेवढं वजन मागून घेतलं. एकदा एसटीत ही पर्स वरच्या फळीवरून खाली बसलेल्या एका सरपंचाच्या पायावर पडली. "बाई, पर्समधी काय सोनं घिऊन हिंडता का," असं तो कळवळून म्हणाला, तर मॅडमनी शांतपणे उत्तर दिलं, "सोनं न्हाय. दोन किलो हाय. बरोब्बर."

हे वजन काट्यांचं वजन करायला होतं. मॅडम आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका होत्या, म्हणजे उपकेंद्रांमधल्या सिस्टरांवर देखरेख करणाऱ्या. कुठल्याही उपकेंद्रात गेल्या की आधी पाणी नाही, चहा नाही. बाळांचा काटा टेबलावर घ्यायचा, त्यावर आपलं वजन ठेवायचं आणि चष्मा कपाळावर सारून आकडा बघायचा. काटा खरा निघाला तर मग चहा.

मी तिथं कंत्राटी डेटा ऑपरेटर. रजिस्टरांतले आकडे कंप्युटरवर भरायचे आणि महिन्याच्या शेवटी वर पाठवायचे, एवढंच माझं काम. मॅडमनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए कंप्युटर, इकडं ये," अशी हाक यायची.

आकडा दिसला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मोजलंय का लिवलंय?" एका सिस्टरच्या रजिस्टरात ओळीनं सगळ्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी होतं. मॅडमनी पानावर बोट फिरवत विचारलं, "या गावात भांडणं होत न्हायत का, बाई?" आणि त्या सिस्टरला घेऊन दिवसभर घरोघर परत बीपी मोजत हिंडल्या. हजेरीच्या वहीत आमच्या डॉक्टरसाहेबांची यायची वेळ रोज नऊ असायची. मॅडम त्या नवावर बोट ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडं नुसत्या बघायच्या. मग साहेबांनी नऊ वाजून सात मिनिटं, नऊ वाजून अकरा मिनिटं असं लिहायला सुरुवात केली. यायचे मात्र दहालाच. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा मी मॅडमना एका मुलीचा बायोडाटा दाखवला. उंची पाच फूट चार इंच. "मोजलंय का लिवलंय?" मी ते मुलीच्या मामांना खरंच विचारलं आणि ते स्थळ हातचं गेलं. दुसऱ्या स्थळाच्या वेळी मॅडमना आधी काही दाखवलं नाही, म्हणून माझं लग्न झालं.

आमच्या केंद्रात बदलून आल्या त्याच आठवड्यात त्यांनी बाळंतपणाच्या खोलीतल्या काट्यावर आपलं वजन ठेवलं. काट्यानं सव्वादोन किलो दाखवलं. म्हणजे कितीतरी वर्षं आमच्याकडं जन्मलेलं प्रत्येक बाळ पाव किलोनं फुगत होतं. काटा दुरुस्त झाला आणि पुढच्या महिन्यापासून आमची बाळं वाळली. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. त्याचं नाव वेगळ्या यादीत जातं. त्या यादीवरून आशाताई त्याच्या घरी जास्तीच्या फेऱ्या मारतात. दूध ओढतंय का, अंग गार पडतंय का, बघतात. आमची ती यादी लांबत गेली आणि केंद्रांच्या क्रमवारीत आम्ही शेवटी गेलो. बैठकीत साहेबांना उभं केलं. "तुमच्याकडंच एवढी बारकी बाळं कशी?" शेजारच्या केंद्राची सगळी बाळं नेमकी अडीच किलोची होती, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

साहेब बैठकीहून आले ते थेट माझ्या टेबलाशी. "या महिन्याचं जरा बघ. दोन-चारशे ग्रॅमनं कुणाचं काय बिघडत नाही."

मी बघितलं. नऊ बाळं होती. नऊ ठिकाणी वजन अडीच किलो केलं. पाच मिनिटांचं काम. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि कंत्राट मार्चपर्यंतच होतं. पण हे मी आता सांगतोय. तेव्हा मला एवढासुद्धा विचार करावा लागला नव्हता.

रिपोर्टवर मॅडमची सही लागायची. त्यांनी छापलेला कागद आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. बराच वेळ वाचत बसल्या.

"ही नऊ मोजलीत का लिवलीत?"

"साहेबांनी सांगितलंय, मॅडम."

मॅडमनी रजिस्टर मिटलं. कागद घरी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सही करून माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या, सर," म्हणाल्या. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यानंतर मी त्यांच्या लेखी सरच राहिलो. "सर, एवढं छापून देता का?" "सर, येते मी." आईच्या वयाची बाई अशी तुम्ही-तुम्ही करत बोलायला लागली की कसं होतं, ते मला सांगता येत नाही. आमचं केंद्र वर आलं. पेढे आले, फोटो काढला. फोटोत मॅडम नाहीत.

वर्षभरात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सूत्रसंचालन माझ्याकडंच होतं. मी त्यांच्या कामाचं भरपूर कौतुक केलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी "आभारी हाय, सर" म्हणून एसटी गाठायला निघून गेल्या.

गेल्या खेपेला पोलिओच्या डोसाला माणसं कमी पडली म्हणून मला एका वस्तीवरच्या बूथवर बसवलं होतं. वैशाली नावाची एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. पोरगं धट्टंकट्टं होतं, डोस पाजताना त्यानं माझा हात झटकला. नाव ऐकल्यावर मला रजिस्टरातली तिची ओळ आठवली. दोन किलो दोनशे. मी केलेले अडीच.

"शेख मॅडम कुठं असत्यात आता?" तिनं विचारलं.

"परंड्याला. का?"

"लई केलं त्यांनी. आमच्याकडं आशाताई एकदा आल्या अन मग आल्याच न्हाईत. म्हणल्या, यादीत नाव न्हाय. पर मॅडम दर रविवारी यायच्या. ह्याला छातीशी कसं धरायचं, दूध काढून चमच्यानं कसं पाजायचं, समदं दावलं. त्यांची सुट्टी असायची तरी यायच्या. म्हणायच्या, मला अजून लई घरं करायचीत."

संध्याकाळी ऑफिसात येऊन मी जुना रिपोर्ट काढला आणि ती नऊ नावं वाचत बसलो. कागद त्यांनी घरी का नेला होता, ते तेव्हा समजलं.

पुढच्या रविवारी परंड्याला गेलो. किल्ल्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. पती जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. मला दारात बघून त्यांनी आत बोलावलं. चहा ठेवला. मी येताना एसटीत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं.

"मॅडम, ती नऊ बाळं तुम्ही..."

"आठ," त्या म्हणाल्या.

चहा उतू जायला आला होता. त्यांनी गॅस बारीक केला.

"नववं सापडलंच न्हाय येळेवर. पंधरा दिसांची बाळंतीण घिऊन घरचे ढोकीकडं ऊस तोडाय गेलेले. पत्ता कुणाला धड ठावं न्हाय. दोन रविवार टोळ्या धुंडत फिरले. त्यांची पाचटाची कोपी सापडली तवा आई उसात गेलती. आजी म्हणली, परवा गेलं. दूधच ओढत नव्हतं."

यादीत नाव असतं, तर तिकडच्या आशाताईला एक फोन पुरला असता. हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणालो.

"सही माझी हाय त्याच्यावर." त्यांनी कपात चहा ओतला. "मी तक्रार केली असती तर साहेब ऱ्हायले असते, तू गेला असतास. नवं लग्न तुझं. म्हणलं, कशाला पोराची नोकरी घालवायची, मी फिरून भागवीन. न्हाय भागलं. तवा बोलायला पायजे हुतं मी."

माफी मागायला आलो होतो, पण त्यांनी अर्धी चूक आपल्याकडं ओढून घेतली होती आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. अजूनही समजलेलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "लेकरंबाळं?"

"एक मुलगी. वर्षाची होईल आता."

"घिऊन ये की एकदा." दाराच्या चौकटीला हात लावून त्या जरा थांबल्या. "पोराला सुट्टी मिळत न्हाय, नातू फोनमधी दिसतो. आजवर हजारभर लेकरं उचलली असतील मी, पर काट्यावर ठिवायला. तुझीला नुसती मांडीवर घेईन."

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं गेलो. मुलगी नव्या माणसाकडं जात नाही, त्यांच्याकडं गेली. थोडा वेळ त्यांच्या बांगड्यांशी खेळली आणि तिथंच झोपली. बायकोनं दोनदा उचलायला हात पुढं केला. मॅडमनी नुसती मान हलवली. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या असणार, बोटं हळूच हलवून बघत होत्या. चारची एसटी गेली. सहाचीही जाईल असं मला दिसत होतं, पण मी घड्याळाकडं बघितलं नाही.