भरतीचा परवाना

गेल्या आठवड्यापासून विन्स्कोम्ब बंदरात भरतीला परवान्याशिवाय आत यायला बंदी झाली, आणि भरतीनेही ती निमूटपणे पाळली. ती बंदराच्या तोंडाशी थांबून राही आणि वेळ झाली की परत जाई.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव तसं भलं. पण फ्रान्सकडचं पाणी रोज दोनदा न विचारता आत शिरतं, असं सभेत कुणीतरी बोललं आणि मग गावाला चैन पडेना. तोवर ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आज सुनावणी होती. परवाना अधिकारी मृणालिनी मयेकर मूळची मालवणची. समुद्राला दबणारी नव्हे. पाण्याला लागूनच खुर्ची टाकून ती ऐसपैस बसली. शेजारी तिचे वरिष्ठ थॉर्नबीसाहेब गमबूट चढवून उभे होते. मागे कोरड्या चिखलात म्हातारी एडना पिल्चर आपल्या कालवांवर ओलं गोणपाट टाकत होती.

"मॅडम, संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही तर सगळी मरतील," एडना म्हणाली. "मला दुसरं काही नाही हो."

मृणालिनीने घड्याळात पाहिलं. पण नियम म्हणजे नियम.

"इथे ये-जा कधीपासून?" तिने भरतीला विचारलं.

"हे गाव नव्हतं तेव्हापासून."

"पुरावा?"

"तो समोरचा कडा. मीच झिजवलाय."

"हे तिच्याच विरोधात जाईल," थॉर्नबीसाहेब म्हणाले. "मुळात हिला इथलं व्हायचंच नाही. येते आणि निघून जाते."

"तुमची जहाजं मीच बाहेर काढली," भरती शांतपणे म्हणाली. "पार मालवणपर्यंत गेली."

"गेली खरी," मृणालिनी म्हणाली. "आमच्याकडे परवाना कुणी मागितला नव्हता."

"त्याचा इथे संबंध नाही!" साहेब तावातावाने एक पाऊल पुढे सरले. गमबूट थेट भरतीच्या कडेवर पडला.

"सॉरी," भरती म्हणाली.

पाय साहेबांचा, आणि माफी मागितली तिने. साहेबांनी हळूच टोपी काढली.

"ही इथलीच," ते म्हणाले. "हे शिकवून येत नाही."

मृणालिनीने शिक्का मारला. भरती ढकलाढकली न करता, रांगेने आत आली. कालवं बुडाली आणि एडना गुडघाभर पाण्यात उभी राहून रडता रडता हसली. मृणालिनीलाही फार बरं वाटलं.

साहेब परतायला वळले, तोच त्यांचा बूट मृणालिनीच्या पायावर पडला.

"मेल्या, डोळे फुटले काय तुजे?"

साहेबांना शब्द कळले नाहीत, पण ते सॉरी नव्हतं एवढं कळलं. त्यांनी टोपी पुन्हा घातली.

"मॅडम, तुमचे कागद जरा बघू."

मृणालिनी जागची हलली नाही. तिने पाण्याकडे बोट दाखवलं. "मी हिच्याबरोबर आलेय."

साहेबांनी भरतीकडे पाहिलं.

"माझ्याच घरची आहे," भरती म्हणाली.

"मग हरकत नाही," साहेब म्हणाले, आणि बाजूला होऊन त्यांनी दोघींना आधी जाऊ दिलं.