कराचीहून मुंबईची हवाई मजल कुंडल मुक्कामीं मोजिली

स्वस्ति. शके अठराशें अडुसष्ट, व्ययनाम संवत्सरीं, वैशाखमासीं कुंडल मुक्कामीं जो थोर प्रसंग गुदरला, त्याची हकीकत, पाहिली ऐकिली तैसी, पदरची भर फारशी न घालितां लिहितों.

उसाच्या आठ बिघ्यांच्या मालकीण बनुबाई यांचे चिरंजीव राजश्री नाथाजीराव, पलटणींत नाईक, तीन वर्षें कराचीचे छावणींत होते. धाकटी कन्या अंजना, तिचें लग्न कोरेगावकर आकाराम पाटील यांचे पुत्राशीं ठरोन मंगळवार सांजेचा मुहूर्त निघाला. तों शनिवारीं नाथाजीरावांचें पत्र दाखल जाहलें कीं, सोमवारीं सकाळीं आठास सरकारी विमानानें निघोन मुंबईस उतरतों, तेथून आगगाडीनें येतों. ऐकतांच अंजनाबाईंनीं फर्मान काढिलें, “दादा आल्याबिगर मी बोहल्यावर चढनार न्हाई.” आणि आकाराम पाटलांनीं निरोप धाडिला कीं, कराचीची आगबोट दोन दिवस घेते, विमान तरी कितीसें आधीं पोंचणार, मंगळवार चुकल्यास पुढील सालीं पाहूं. ऐसा दुतर्फा पेच पडोन बनुबाईंचे तोंडचें पाणी पळालें.

मग रविवारीं चावडीवर खलबत भरलें. आकाराम पाटील खासा हजर जाहले, आणि चिंतामण मास्तर शाळेचा नकाशा जरीपटक्यासारिखा खांद्यावर घेऊन आले. नकाशा पसरितां दिसलें कीं, कराची शाबूत, मुंबई शाबूत, परंतु मधला काठेवाड वाळवीनें फस्त केला. पाटलांनीं हरकत घेतली कीं, मुलूखच नाहीं तर मजल कैसी मोजणार. मास्तर उत्तरले, “वाळवीनं मुलूख खाल्लाय पाटील, अंतर नाही.”

मग बनुबाईंनीं गोधडीचा दोरा काढोन दिल्हा, तो भोकावरोन ताणिला, आणि नकाशाचे कोपऱ्यांतील मैलांचे मापाशीं लावितां साडेपाचशें मैल भरले. पेन्शनीचे हवालदार लालासाहेब यांनीं लढाईंत विमानें पाहिलीं होतीं, त्यांनीं तासास दीडशें मैलांची ग्वाही दिल्ही. मास्तरांनीं भागाकार करोन पावणेचार तास पुकारिले. पाटील तरीही हटेनात. बैलास दोन कोसांवर पाणी लागतें, हें जनावर साडेपाचशें मैल निर्जळी कैसें जाईल, ऐसा सवाल त्यांनीं टाकिला.

“आवं पाटील, त्येला पाणी न्हाई, त्याल लागतंय,” लालासाहेब म्हणाले. “आन् ते पोटात घालूनच उडतंय.”

येथें पाटलांनीं मान डोलाविली आणि मंगळवार कायम ठरला.

सोमवारीं बनुबाई सकाळपासोन अंगणांत आभाळाकडे पाहत बसल्या. विमान कुंडलावरोन जाणार नाहीं, हें त्यांस तीन वेळां सांगितलें, तीनही वेळां “व्हय” म्हणोन पुन्हा वरच पाहिलें. बारास मास्तर घड्याळ घेऊन आले आणि आतां उतरला असेल म्हणाले, तेव्हां त्यांनीं भाकर मोडिली.

मंगळवारीं सकाळीं नाथाजीराव ट्रंक खांद्यावर घेऊन स्टेशनाकडोन चालत आले. मातोश्रींनीं तोंडावरोन हात फिरविला, अंजनाबाई रडल्या, आणि तिन्ही मुत्सद्दी भोंवतीं जमोन पुसते जाहले कीं, विमानास नेमका वेळ किती लागला.

नाथाजीराव अंमळ लाजले. “खरं सांगू व्हय? बसलो आन् डोळा लागला. उठवलं तवा मुंबई.”

सांजेस मुहूर्त साधोन लग्न यथासांग जाहलें, मोहीम फत्ते जाहली, आणि चावडीचे दफ्तरीं सर्वानुमतें ऐसी नोंद जाहली : कराची ते मुंबई, अंतर मैल साडेपाचशें, वेळ एक झोप.