पिंपभर समुद्र

"पाणी आणि मीठ. त्यात काय एवढं?" असं म्हणत चष्मेवाल्यांनी लेकीच्या रिकाम्या खोलीत एक भलंमोठं निळं पिंप आणून ठेवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

सगळी इमारत त्यांना चष्मेवालेच म्हणायची. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, गल्लीतल्या एकूणएक माणसाच्या डोळ्यांचा नंबर काढला, आणि आता दुकान बंद करून घरी बसले होते. घरी बसलेला माणूस काहीतरी उद्योग काढणारच. कुणी कुंड्या आणतो, कुणी पेटी शिकतो. चष्मेवाल्यांनी एकदम समुद्रच काढला. खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे, आणि त्यासाठी आधी समुद्राचं पाणी घरी तयार करायचं.

आता खरं कारण सांगायला हरकत नाही. लेक सातासमुद्रापलीकडे एका मोठ्या मत्स्यालयात नोकरीला होती. तिथलं पाणी सांभाळायचं, हेच तिचं काम. फोन रविवारी यायचा. "जेवलात का? औषधं घेता ना? आई बरी आहे? चला, ठेवते." संपलं. चष्मेवाले नंतर कितीतरी वेळ फोन हातात घेऊन बसायचे. आठवण येते गं, रोज फोन करत जा, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. कामातल्या पोरीला कशाला घोर लावायचा? पण एका रविवारी ते सहज बोलून गेले, "मी खाऱ्या पाण्याची टाकी करीन म्हणतो." आणि काय सांगावं, पोरगी जी बोलायला लागली ती थांबेचना. मीठ कुठलं, मोटर कुठली, काच किती जाड. इकडे भाजी करपली, पण चष्मेवाल्यांच्या बायकोने गॅसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती स्पीकरला कान लावून बसली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन यायला लागला.

"बाबा, नळाचं पाणी नाही हं, फिल्टरचं. आधी पाणी, मग मीठ. हळूहळू टाका आणि मोटर लावून फिरू द्या. दुसऱ्या दिवशी मोजा."

मोजायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी होती. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की खारटपणाचा आकडा दिसतो. हे काम तर चष्मेवाल्यांच्या हातचा मळ. त्यांनी एक डोळा मिटला, श्वास रोखला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पस्तीस!"

"अगदी बरोबर, समुद्राचाच आकडा," लेक म्हणाली. "पहिल्याच फटक्यात जमलं की. दोन-चार दिवस असंच राहिलं की टाकीत ओता. मग काही विचारायचं राहणार नाही. मी आपली रविवारी करीन फोन."

चष्मेवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या अचूकपणाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी बायको अंघोळीला गेल्याचं पाहून ते हळूच त्या खोलीत शिरले आणि मूठभर मीठ पिंपात टाकून आले. आता आकडा वर जाणार, लेक काळजीत पडणार, आणि चार दिवस तरी फोन येत राहणार. संध्याकाळी त्यांनी नळी डोळ्याला लावली. पस्तीस. पुसून पुन्हा लावली. पुन्हा पस्तीस.

"छान," लेक म्हणाली.

आता त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की ते दूध आणायला खाली उतरले तेव्हा बायकोने त्याच पिंपात तांब्याभर गोडं पाणी ओतलं होतं. तिचाही हिशेब सरळ होता. पाणी पातळ झालं की पोरगी म्हणेल, आई, असं कसं झालं? आणि मग बोलत राहील. पण आकडा ऐकून तीही चक्रावली.

त्यांनी दोन मुठी टाकल्या. तिने दोन तांबे ओतले. पस्तीस. त्यांनी वाटी भरली, तिने कळशी आणली. पस्तीस म्हणजे पस्तीस. खरा समुद्रसुद्धा इतका इमानदार नसेल.

चष्मेवाले तडक मिठाच्या दुकानात गेले. "तुमच्या मिठात खारटपणा नाही."

दुकानदाराने चिमूटभर जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. "काका, हे खारट नाही?"

"मला लागतंय. पिंपाला लागत नाही."

ते इकडे दुकानात हुज्जत घालत होते, तेव्हा घरी बायकोने फिल्टरवाल्याला बोलावून घेतलं होतं. "तुमच्या फिल्टरमधून मीठ येतंय," ती म्हणाली.

त्याने पेलाभर पाणी प्यायलं, आणखी पेलाभर प्यायलं. "वहिनी, गोड आहे हो."

"मग दुसरं लावा."

"दुसरं काय?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही फिल्टरवाले की मी?"

एवढ्यात पाणी पिंपाच्या काठाला येऊन टेकलं. हे मात्र चष्मेवाल्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी फोनवर भीत भीत विचारलं, "काय गं, मिठाने पाणी फुगतं का?"

"फुगत असेल," लेक म्हणाली. "असू दे. उद्या बोलू."

तर दुसऱ्या दिवशी चष्मेवाले फिरायला जातो सांगून निघाले, जिन्यातूनच परतले आणि मिठाचा अख्खा डबा छातीशी धरून चोरपावलांनी खोलीत आले. तिथे त्यांची बायको पदर खोचून पिंपावर बादली रिकामी करत होती.

"अगं!"

"अहो!"

तिच्या हातून बादली सुटली. फरशी ओली झाली, चष्मेवाल्यांचा पाय सरकला, आणि सावरायला त्यांनी जे हाताला आलं त्याला मिठी मारली. हाताला आलं पिंप. मग ते दोघे आडवे झाले, म्हणजे चष्मेवाले आणि पिंप. बायकोने आधी मोटरचं बटण बंद केलं, मग नवऱ्याला उठवलं. समुद्र तोवर पलंगाखालून, उंबरठ्यावरून जिन्याकडे निघाला होता.

थोड्याच वेळात तळमजल्यावरच्या नर्सबाई वर आल्या. निवृत्त होऊन त्या एकट्याच राहायच्या. दारात उभ्या राहून त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं. "माझ्या छतातून पाणी गळतंय. मी चाखून बघितलं, खारट आहे. दोघं रडताय का काय?"

यावर चष्मेवाल्यांची बायको खरोखरच रडायला लागली. "अहो, मला वाटलं पाणी बिघडलं तर ती रोज बोलेल."

"मलाही तेच वाटलं," चष्मेवाले फरशीकडे बघत म्हणाले. नर्सबाईंनी कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि पाणी पुसायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आज आकडा किती?"

"आकडा नाही गं. पिंपच सांडलं."

"मला एक सांगा. उघड्या पिंपातलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. तुमचं वाढत कसं होतं?"

आईने फोन ओढून घेत विचारलं, "तुला कळलं होतं?"

"आई, माझी नोकरीच ती आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पाणी टाकीत ओतून मोकळे झाला असता. मग मी रोज कुठल्या निमित्ताने फोन केला असता? तुम्ही कधी म्हणतच नाही, कर म्हणून." "इथे दिवसभर मासे असतात, पण त्यातला एकही जेवलीस का म्हणून विचारत नाही."

"जेवलीस का?" चष्मेवाल्यांनी लगेच विचारलं.

"जेवले. आता ऐका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आधी पाणी, मग मीठ. आणि या वेळी पिंप मोठं आणा."

हे ऐकून नर्सबाई फडकं पिळता पिळता थांबल्या. चष्मेवाल्यांना वाटलं, आता काही आपली धडगत नाही.

"मोठं पिंप माझ्याकडे ठेवा," नर्सबाई म्हणाल्या. "तळमजला आहे, सांडलं तरी खाली कुणी नाही. फक्त फोन स्पीकरवर लावायचा."