फुटक्या कवेलूचा कवडसा

नातीचा पाळणा विणून झाला आणि तुलाराम स्वतःच दचकला. काम संपल्यावर कसं वाटतं, हे तो विसरूनच गेला होता. एकोडीच्या तलावात मासे धरणारा माणूस; जाळ्याच्या दोरीचा हा पाळणा त्यानं लेकीच्या, नंदिनीच्या जन्माला सुरू केला होता. नंदिनी लुगड्याच्या झोळीत वाढली, लाखनीला नांदायला गेली आणि आज तिच्याच लेकीचं बारसं होतं. पाळणा आजोळचाच, असं ठरलेलं. बाराच्या आत तो पोचला नाही, तर बाळी शेजाऱ्यांच्या उसन्या पाळण्यात जाणार होती.

"झाला का जी?" चुलीपुढून जमुनाबाईनं विचारलं.

"झाला! आता मी काहीच उद्यावर टाकत नाही. दिसलं काम का केलं!"

"आंघोळ दिसते का?"

तुलारामनं लगेच आंघोळ केली. अंगात वारं शिरल्यासारखं झालं. करकरणाऱ्या दाराला तेल पाजलं, खाटेची सुतळी ताणली. मग नजर वर गेली. छपरातलं एक कवेलू अकरा वर्षांपासून फुटकं होतं आणि नवं कवेलू अकरा वर्षांपासून अंगणात उभं होतं. त्यानं दोघांची अदलाबदल करून टाकली. वरून तलाव दिसत होता. शिंगाड्याच्या पानांवरून एक पाखरू पाण्याला पाय न लावता चाललं होतं. तुलाराम नजरेनंच त्याच्यासोबत बराच लांबवर गेला.

खाली आला तर जमुनाबाई निवांत डबा भरत होती.

"निघाचं नाही काय वं?"

"टाइम हाय. ऊन अजून माठाजवळ नाही आलं."

"कोणतं ऊन?"

"रोजचं! ते माठाले लागलं का निघाचं, एसटी भेटते." ती भुईकडे पाहतच राहिली; तिथं उन्हाचा ठिपकाच नव्हता. मग तिनं वर पाहिलं. "कवेलू कोणं बसवलं?"

घरातलं घड्याळ तीन वर्षांपासून बंद होतं, मोबाईल काच फुटून फळीवर पडला होता. दोन्ही तो दुरुस्तीला उद्याच नेणार होता. एवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. दोघं पाळणा घेऊन धावली आणि त्यांना फक्त धूळ भेटली.

"अकरा वर्षं सांगून राहिली, तवा नाही. आजच काहून?"

"तूच तं म्हणत होती!"

"म्हणत होती. पण तुमी आयकसान असं कोणाले वाटलं?"

पुढची गाडी दोनला. एरवी तुलाराम झाडाखाली टेकला असता. पण आज टेकायच्या आधीच त्याचा हात वर गेला. समोरून गावातल्या मंगरूचा ट्रॅक्टर येत होता, मागे भाताच्या तणसाचा डोंगर.

"लाखनी?"

"बसा मामाजी. पण वर!"

तणसाच्या मऊ ढिगावर दोघं आडवी झाली. मध्ये पाळणा. ढग हळूहळू मागे जात होते आणि जमुनाबाई भांडायचं विसरून गेली होती. लाखनीत दोघं उतरली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत तणीस. "बाबा, पाळणा इनला का घरटं?" नंदिनी हसली. बाराला पाच मिनिटं होती. सकाळपासून रडणारी बाळी त्या पाळण्यात पडली आणि झोपलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जमुनाबाई तुलारामच्या खाटेपाशी आली.

"ते कवेलू कवा काढता?"

'उद्या' ओठावर आलं होतं. ते गिळून तुलाराम वर चढला. जुनं फुटकं कवेलू त्यानं जागेवर ठेवलं आणि कवडसा चुलीपाशी उतरला. जमुनाबाई चहाचा कप घेऊन त्या कवडशाशेजारी बसली, जुनी मैत्रीण भेटावी तशी.

"पह्यले जरासं डावीकडं पडत होतं," ती म्हणाली.

"सरकवू का?"

तिनं एक घोट घेतला.

"राहू द्या. उद्या पाहू."